अष्टमीचं पाणी

नदी कुणाची नसते. ती सर्वांची असते. हे वाक्य माझं नाही. आमच्या बोरिवलीतल्या नदीगौरव मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते सोनेरी अक्षरांत छापलं होतं, आणि पत्रिका हातात धरली की सोनं बोटांना लागत होतं. मंडळाचे अध्यक्ष माझ्या वाचनालयाचे जुने सभासद. पुस्तकं ते नेतात, क्वचित परतही करतात. त्यांच्या शब्दाखातर मी तीन दिवसांची रजा काढून दहिसर नदीच्या काठाने मुखापासून वरपर्यंत चालून आलो. आता एवढं खात्रीने सांगू शकतो, की नदी सोमवारी एकाची असते, मंगळवारी दुसऱ्याची, आणि असं शनिवारपर्यंत चालतं. रविवारी ती देवाची असते, म्हणजे ज्याचं इंजिन आधी सुरू झालं त्याची.

माझ्यावर दोन कामं होती. एक, मंडळाच्या स्मरणिकेसाठी नदीच्या सांस्कृतिक महत्त्वावर लेख लिहिणं. दुसरं, जलपूजनासाठी तांब्याच्या कलशातून वरचं, उगमाकडचं पाणी आणणं. कलश अध्यक्षांनी स्वतः माझ्या हातात दिला आणि सोबत मंडळाचं एक पत्रही दिलं. त्यावर दोन गोल शिक्के होते. मंडळाकडे शिक्का एकच आहे. तो दोनदा मारला होता.

षष्ठी: खाडी

सुरुवात खाडीवरच्या कोळीवाड्यातून करायची ठरवली, कारण तिथे माझी ओळख होती. चांगुणामावशी गेली बारा-तेरा वर्षं आमच्या इमारतीत मासळी घेऊन येते. जिन्यात तिची हाक आली की तिसऱ्या मजल्यावरचे शाकाहारी लोक दारं लावून घेतात आणि त्यांचीच मांजरं बाहेर येतात. माझ्या चष्म्यामुळे ती मला मास्तर म्हणते. मी शिक्षक नाही, हे तिला अनेकदा सांगून झालं आहे. त्या आठवड्यात मात्र तिची हाक ऐकू आली नव्हती.

पहाटे उजाडता उजाडता मी पोचलो, तर ती घरात नव्हती. शेजारणीने बांधाकडे बोट दाखवलं. नदी जिथे खाडीला मिळते तिथे कोळीवाड्याचं खाजण आहे. बांध घालून अडवलेली सखल जमीन. पावसाळ्यात तिथे खाऱ्या पाण्यात तगणारा भात लावतात. भात कापला की उघाडीतून भरतीचं पाणी आत घेतात आणि त्याबरोबर आलेली कोळंबी आणि बोईट मासे उन्हाळाभर वाढवतात. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. त्याला एकावर एक आडव्या फळ्या बसवलेल्या असतात. हव्या तितक्या काढायच्या, हवं तितकं पाणी घ्यायचं.

मावशी बांधावर उकिडवी बसली होती. तिच्यासमोर तळ्याच्या पाण्यावर शेकडो लहान लहान वर्तुळं उमटत होती. मला वाटलं, पाऊस. वर आभाळ स्वच्छ होतं.

"बोईट हायत," ती म्हणाली. "तोंडं वर काडून बसलेत. चार दिस झाले. पहाटंला वर येतात, उन्हं आली की जातात खाली. काल वीस-पंचवीस गेलेच नाय. उलटे झाले."

तळ्याचं पाणी हिरवं होतं, भाजीसारखं हिरवं. वाचनालयात कुणी न नेणाऱ्या पुस्तकांत मत्स्यशेतीवरची एक पुस्तिका आहे. तिच्यात वाचलेलं आठवलं: खत मिसळलेल्या पाण्यात शेवाळ माजतं, दिवसा ते पाण्यात हवा सोडतं आणि रात्री त्याहून जास्त हवा ओढून घेतं, म्हणून मासे पहाटे गुदमरतात. मी मावशीला हे सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी समुद्र खारट असतो अशी बातमी आणली आहे.

"पानी बदलाय पायजे, येवडंच," ती म्हणाली. "नि ते कुटून बदलू? भांग चालू झालाय."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची दुबळी भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा पाणी बांधाला धडका देतं. अष्टमीला ते उघाडीच्या उंबऱ्यापर्यंतही चढत नाही. पूर्वी त्या दिवसांत नदी वरून पाणी आणायची. खालून भरती अडवायची, वरून नदी यायची, आणि मध्ये पाणी चढून उघाडीत शिरायचं. दोन वर्षांपासून उन्हाळ्यात नदी येणं कमी झालं होतं आणि यंदा जे येत होतं, ते हिरवंच येत होतं.

"अमावास्येपावेतो जगले पायजेत," ती म्हणाली. अमावस्येच्या पहाटे मोठी ओहोटी लागते. त्या वेळी उघाडीला जाळं लावून सगळं तळं एका दमात रिकामं करतात. खाजणाची मासळी तेवढ्या एका दिवसात निघते.

मागून तिचा दीर धर्मा आला. तळ्याकडे बघून त्याने कमरेवर हात ठेवले.

"गेली तुजी पाली, वैनी," तो म्हणाला.

त्या एका वाक्यात काय होतं ते मला चहा पिताना कळलं. खाजण कुणा एकाचं नाही. वाड्यातल्या अकरा घरांकडे ते एकेक वर्ष पाळीने जातं. चांगुणामावशीच्या घराची पाळी मागे आली तेव्हा नवरा होता. त्या वर्षीची मासळी अजून लोक आठवतात. तो गेल्यावर गावकीत काही जण म्हणाले, बाईमाणसाच्याने तळं होणार नाही, तिची पाळी धर्माच्या घराला द्या. तिने दिली नाही. आता मासे मेले तर पुढची पाळी अकरा वर्षांनी.

"तवर मी जगतंय का, बघू," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी सरकवली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिने खाल्ली नाही.

मग तिची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कलशावर गेली. मी तीन दिवसांचा बेत सांगितला, पत्र दाखवलं. अक्षर तिला येत नव्हतं. शिक्के तिने अंगठ्याने चाचपून पाहिले.

"दोन हायत," ती म्हणाली. "वर जातंस ना? मी येतंय. पानी कुनी अडवलंय ते मना बगायचंय. माज्याशी नाय बोलनार कोन, कागदाशी बोलतील."

सप्तमी: पुलापासून वाडीपर्यंत

सकाळी निघालो तेव्हा मावशीच्या डोक्यावर पाटी नव्हती. हातात डालड्याचा डबा होता, तोंडाला ओलं फडकं बांधलेला. आत खाजणातलं पाणी आणि मूठभर जिवंत कोळंबी. दुसरा एक रिकामा डबा तिने माझ्याकडे दिला. मी कलश पुढे केला: हाही रिकामाच आहे.

"तांब्याच्या भांड्यात कोलंबी मरते, मास्तर," ती म्हणाली. "देवालाच ठेव तो."

रेल्वेच्या पुलाखाली नदी गुडघाभरही नव्हती. पाणी वाहतंय की साचलंय हे कळायला त्यावर काडी टाकावी लागली. काडी विचार करून निघाली. काठाला हिरव्या शेवाळाची साय धरली होती आणि वास शेणाचा होता. मावशीने रिकाम्या डब्यात तिथलं पाणी घेतलं, त्यात दोन कोळंब्या सोडल्या आणि आम्ही चालू लागलो. हमरस्त्याच्या पुलापर्यंत पोचायच्या आत दोन्ही आडव्या झाल्या होत्या. तिने त्या हातात घेऊन पाहिल्या, फेकल्या नाहीत. पदराच्या टोकात बांधून ठेवल्या.

पुलापलीकडे माझी उजवी चप्पल चिखलाने घेतली. मी ती काढायला वाकलो तेव्हा चिखलाने चष्माही मागितला. तो मी दिला नाही. घरी दुसरा जोड नव्हता, म्हणून पुढचा दीड दिवस मी एका पायात चप्पल घालून हिंडलो. मावशी जन्मभर अनवाणी चालत आली आहे, तिला माझी दया आली नाही.

त्यानंतर वाड्या लागल्या. मी बोरिवलीत वीस वर्षं राहतो. इमारतींच्या मागे, नदीच्या दोन्ही काठांना एवढी भाजी पिकते हे मला माहीत नव्हतं. पालक, मुळा, लाल माठ, वांगी. वाफे असे आखलेले, की आमच्या वाचनालयातली कपाटं लाजावीत. प्रत्येक वाडीला पाट होता, आणि पाटाच्या तोंडाशी शेणाचं काळं पाणी घातलेला एक खड्डा. जवळच्या तबेल्याचं गटार तिथे वळवून आणलं होतं. पाटाचं पाणी त्या खड्ड्यातून फिरून वाफ्यांत जायचं आणि वाफ्यांनी पिऊन उरलेलं, खत धुतलेलं पाणी शेवटच्या चरीतून पुन्हा नदीत उतरायचं. वाडीमागून वाडी हाच क्रम.

मावशी त्या शेवटच्या चरीपाशी थांबली.

"ही नदी नाय," ती म्हणाली. "हे वाडीचं उष्टं हाय. वरची प्यायली, दुसरीला दिलं. दुसरी प्यायली, तिसरीला दिलं. आमाला खरकटं."

सर्वांत वरची वाडी बाळाराम म्हात्रे यांची. साठीचा माणूस, उघडा, खांद्यावर टॉवेल. मी पत्र पुढे केलं. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, मग पत्र घेतलं, आणि पूर्ण वाचलं. मंडळाचं पत्र पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस असावा. वाचून झाल्यावर त्यांनी आम्हाला मांडवात बसवलं. जेवायची वेळ होती, आणि आगरी माणसाच्या दारी त्या वेळेला कामाचं बोलता येत नाही. भाजलेल्या वांग्याचं भरीत, भाकरी, ताजा मुळा, कांदा. मुळा इतका गोड होता, की मी तिसरा मागितला. मावशीने या घरी मात्र खाल्लं. ज्याच्याशी भांडायचं त्याचं मीठ आधी खावं, असं काही तिच्याकडे असेल. मी विचारलं नाही.

जेवल्यावर ते आम्हाला बांध दाखवायला घेऊन गेले, हौसेने. वाडीच्या वरच्या अंगाला, जिथे नदी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून बाहेर येते, तिथे सहा जणांनी मिळून बांध घातला होता. खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या विटांसारख्या रचल्या होत्या. प्रत्येक गोणीवर पिकलेल्या कणसाचं चित्र होतं. बांधामागे छातीभर पाणी, झाडांच्या सावलीत काळंशार. कडेला दोन इंजिनं. एका झाडाला पाटी ठोकली होती: वार आणि पुढे नाव, सोमवारपासून शनिवारपर्यंत. ज्याची पाळी त्याचं पाणी. माझ्या गावी कालव्यावर पाटकरी असतो. तो शिट्टी वाजवतो, दंड करतो, आणि तरीही फावडी डोक्यात बसतात. इथे पाटकरी नव्हता. पाटी पुरत होती. आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून जे चालतं ते आठवून मला या माणसांविषयी आदर वाटला, आणि तो वाटू नये अशी माझी फार इच्छा होती.

मावशीने बांधामागचं पाणी डब्यात घेतलं, दोन कोळंब्या सोडल्या, फडकं बांधलं. मग तिने काय हवं ते सांगितलं. सगळं सांगितलं: तळं, शेवाळ, पहाटेची वर्तुळं.

बाळारामदादांनी ऐकून घेतलं. ते कठोर माणूस नव्हते. त्याने काम अवघड झालं होतं.

"शेन-मूत नि खत म्हंजी काय जहर हाय, बाय?" ते म्हणाले. "त्याच्यावर तर भाजी पोसते."

"भाजी पोसते. मासा नाय पोसत."

"बरं, पानी नको म्हनतंय कोन? नदी काय आमच्या बापाची हाय? अमावास्येला घे. अक्का दिस घे. अमावास्येला आमी औताला हात लावत नाय, इंजिनाला हात लावत नाय. तो दिस मोकलाच असतो. सगला बांध फोडून देऊ तुला."

हे ते इतक्या मोकळेपणाने म्हणाले, की मी आभार मानायला तोंड उघडलं. मावशीने माझ्या दंडाला हात लावून ते मिटवलं.

"दादा, अमावास्येला उधान असतं. समिंदर सोता येतो माज्या दारात. त्या दिशी मना तुजी नदी कशाला? मना अष्टमीला पायजे. उद्या."

"उद्या शनवार. उद्या माजी पाली."

"ठावं हाय. पाटीवर काय लिवलंय ते मास्तरनं वाचलं."

ते पालकाच्या वाफ्यांकडे बघत राहिले. वैशाखाचं ऊन होतं. सकाळी ताठ असलेली पानं दुपारी मान टाकत होती. आठवडाभर पाणी चुकलं तर पालक राहणार नाही, हे मलाही दिसत होतं.

"उद्या सकाली ये," ते म्हणाले. "बाकीचे पन येतील. माज्या एकट्याचं नाय हे."

अष्टमी: बांध

त्या पहाटे मावशी आधी तळ्यावर जाऊन आली होती. उलटे झालेले मासे तिने मोजले नाहीत, एवढंच मला सांगितलं.

बांधावर सहाही वाडीवाले जमले होते. पत्र पुन्हा वाचलं गेलं, या वेळी मोठ्याने. 'सांस्कृतिक वारसा' या शब्दापाशी सर्वांनी माना डोलावल्या. मग एकाने विचारलं, वारसा म्हणजे पाणी का. मी म्हटलं, नक्की नाही. त्यावर चर्चा झाली. अमावस्या द्यायला सहाही जण तयार होते. एक तर म्हणाला, पौर्णिमाही घ्या. पौर्णिमेलाही उधाणच असतं. देण्याची एवढी उदार इच्छा आणि घेता येण्यासारखं काहीच नाही, असा प्रसंग मी सत्कार-समारंभांतच पाहिला होता.

मावशीने दोन डबे बांधावर ठेवले आणि फडकी सोडली. एकात येताना वाड्यांच्या खालून घेतलेलं पाणी होतं, दुसऱ्यात काल बांधामागून घेतलेलं. पहिल्यातल्या कोळंब्या तळाशी पांढऱ्या पडल्या होत्या. दुसऱ्यातल्या मिशा हलवत होत्या. वाडीवाले आळीपाळीने वाकून बघून गेले.

"कोलंबीचा जीव तो केवडा," एक जण म्हणाला. "उन्हानं पन मरते."

"एकाच उन्हात होते दोनी," मावशी म्हणाली.

"त्यांची पाली ते देतील तर देऊ दे," दुसरा बाळारामदादांकडे बघून म्हणाला. "आमची नाय."

इंजिन सुरू करायची वेळ होऊन गेली होती. दादांनी दोरी हातात गुंडाळली होती. नुसती ओढायची बाकी होती. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. दारावर भावाची घासाघीस करताना ती याहून मोठ्याने बोलते.

"तुजी पाली आठ दिसांनी येते, दादा. माजी अकरा वरसांनी."

दादांनी दोरी सोडली. टॉवेलने मान पुसली, बराच वेळ पुसली. मग झाडाला टेकवलेली कुदळ उचलली आणि बांधाच्या पायथ्याशी उतरले.

मला वाटलं, झालं. पण मावशी धावली. ती साठ वर्षांची बाई गोण्यांवरून घसरत खाली गेली आणि कुदळीच्या दांड्याला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली.

"खालून नको. खालून नको रं."

"बांद खालूनच फोडतात, बाय. गाल निगून जातो, बांद साफ होतो."

"तोच गाल माज्या तल्यात येनार ना. तलाशी बघ काय बसलंय."

तिने काठीने बांधामागचा तळ ढवळला. काळा गाळ वर आला आणि त्याबरोबर असा वास, की पौर्णिमावाला दोन पावलं मागे सरकला. वरचं पाणी जंगलातून आलेलं, स्वच्छ. तळाशी उन्हाळाभराची सडकी पानं आणि एका फुटलेल्या पाटातून परत शिरलेलं शेणपाणी. शेतकरी बांध खालून फोडतो, कारण त्याला गाळ घालवायचा असतो. कोळी उघाडीची फळी वरून काढतो, कारण त्याला पाणी घ्यायचं असतं. दोघांनी जन्मभर पाणी अडवलं आणि सोडलं. एकमेकांची रीत कुणी पाहिलेली नव्हती. दादांची कुदळ खाली आली असती, तर मदतच तळं मारून गेली असती.

"वरची गोनी काड," ती म्हणाली. "मग दुसरी. फली काडल्यागत."

त्यांनी वरची गोणी काढली. पाणी कडेवरून वाहू लागलं, पातळ, आवाज न करता. मी कलश त्याखाली धरून भरून घेतला. मग दादा आपल्या वाडीपुढच्या शेणाच्या खड्ड्याकडे गेले आणि तबेल्याकडून येणाऱ्या गटाराच्या तोंडात त्यांनी दोन गोण्या ढकलल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचे पाच जण बघत उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांतले दोघे आपापल्या वाडीकडे गेले आणि त्यांनीही गटारं बुजवली. तिघे गेले नाहीत.

आता पाण्याच्या आधी खाली पोचायचं होतं. उघाडीवर धर्मा होता, आणि मावशी त्याला सांगून आली होती, की नदी चढली की फळ्या काढ. पण कोरड्या पात्रातून येणारं पहिलं पाणी वाटेतलं सगळं हिरवं, सगळं उष्टं पुढे लोटत आणणार होतं. हे तिला बांधावर, पाणी सुटल्यानंतर सुचलं. तिच्या चालण्याचा वेग वाढला.

बस मिळाली. तीही हमरस्त्यावर बंद पडली. कंडक्टरने सर्वांना उतरून धक्का मारायला लावलं. एका पायात चप्पल असताना बस ढकलता येत नाही, पण तसं सांगायची ती वेळ नव्हती. बस एका हिसक्याने सुरू झाली आणि सीटवर ठेवलेला कलश एका बाईंच्या इस्त्रीच्या साडीवर उपडा झाला. हे उगमाकडचं पवित्र पाणी आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला जे सांगितलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

उघाडीवर पोचलो तेव्हा धर्माचा हात वरच्या फळीवर होता.

"पानी आलं, वैनी. बघ. काडतो."

"हात काड."

पाणी खरंच आलं होतं. फेस, पालकाची पिवळी पानं, शेवाळाचे तुकडे, एक रबरी बाहुली. नदीच्या पात्रात ते टिचाटिचाने चढत होतं आणि उघाडीच्या उंबऱ्याला लागलं होतं. रंग हिरवा होता.

"भांग फिरंल," धर्मा म्हणाला. "सांज झाली. एकदा वल फिरला, ओहटी लागली की हे पानी पन जाईल. मग बस अकरा वरसं."

मावशीने तळ्यातून मूठभर कोळंबी काढून घेतली, डबा नदीत बुडवला, दोन कोळंब्या सोडल्या. थोड्या वेळाने ओतून दिलं. पुन्हा बुडवला. पुन्हा ओतलं. सूर्य खाडीपलीकडच्या तिवरांच्या डोक्यावर टेकला होता. आत तळ्यात, अजून उजेड असतानाच, वर्तुळं उमटायला लागली. रोज ती पहाटे उमटत. धर्माने ती पाहिली आणि फळीवर पुन्हा हात ठेवला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मग ते काढून खिशात ठेवलं. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

फेस पातळ झाला. पानं यायची थांबली. तिने चौथ्यांदा डबा बुडवला, शेवटच्या दोन कोळंब्या सोडल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसली. ती आत बघत होती, धर्मा तिच्याकडे बघत होता, आणि पाणी उंबऱ्यावर चार बोटं होतं. मग तीन बोटं झालं.

"वैनी."

"थांब."

एका कोळंबीने शेपटी मारून डब्याच्या कडेला टक्कर दिली. तो आवाज मी ऐकला.

"काड," ती म्हणाली. "वरची. मग दुसरी."

पाणी आत शिरलं, जेमतेम पाऊण तास. मग वल फिरला आणि धर्माने फळ्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम गेलो. काठाला मेलेले मासे होते, पाटीभर तरी असतील; त्यांत जवळजवळ सगळी कोळंबीच. पण तळ्याच्या मध्यावर पाणी सपाट होतं. एकही वर्तुळ नव्हतं. मावशी बांधावर झोपली होती, डबा उशाला घेऊन.

अमावस्या: पूल

अमावस्या रविवारी आली. पहाटेच्या ओहोटीला मावशीने उघाडीला जाळं लावलं आणि अकरा घरांची माणसं पाट्या घेऊन उभी राहिली. मोठं पीक नव्हतं. कोळंबी थोडी, बोईट बरे. गावकीच्या म्हाताऱ्याने जाळ्यात हात घातला, एक बोईट उचलून तोलला आणि म्हणाला, "व्हय." पाळी पुरी झाल्याचा तोच दाखला. धर्मा सर्वांत मोठी पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे गेला.

दादांचा पालक गेला. त्यांनी मला तसं सांगितलं नाही. माझ्या घरी मुळ्याची जुडी पाठवली, पालकाची पाठवली नाही, त्यावरून कळलं. गेल्या अष्टमीला मी सहज वर जाऊन आलो. बांधाची वरची गोणी बाजूला ठेवलेली होती.

जलपूजन त्याच रविवारी रेल्वेच्या पुलावर होतं. बांधावरची हकीकत मी अध्यक्षांना सविस्तर सांगितली होती. त्यांनी तिच्यातला एक शब्द उचलला. शेतकरी बांधवांनी नदीला एक दिवस अर्पण केल्याचं त्यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं. सहाही वाडीवाल्यांना शाल आणि नारळ मिळाले. बांधावरच्या पाटीची नवी, रंगवलेली प्रत पुलावर लावण्यात आली. शनिवारच्या खाली एक ओळ वाढवली होती: 'अमावस्या: नदी.' मावशीलाही शाल होती. ती बाजारात होती, म्हणून मी घेतली. तिने नारळ ठेवून घेतला, कालवणाला लागतो म्हणून.

कलश रिकामा असल्याचं मी अध्यक्षांच्या कानात सांगितलं. नदी एकच, कुठलंही पाणी चालेल, असं ते म्हणाले, आणि पाहुणे आल्यावर तो पुलाखालीच दोरीने सोडून भरण्यात आला. मुहूर्त सकाळचा होता, पण प्रमुख पाहुण्यांना यायला भर दुपार झाली. मंत्र झाले. पाहुण्यांनी डोळे मिटून ओंजळभर तीर्थ घेतलं, आणि बराच वेळ ते तोंडातच ठेवलं.

उधाणाची भरती पुलापर्यंत येते. पाणी समुद्राचं होतं.